ब्रेक का वाजतो? जुन्या मोटरसायकलींविषयी वाचकांचे प्रश्न

पावसाळा सरला की जुन्या गाड्या शेडमधून बाहेर निघतात आणि त्यांच्यामागोमाग ब्रेकच्या तक्रारीही येतात. या वेळच्या पत्रांपैकी बरीचशी पत्रे एकाच गोष्टीविषयी आहेत: ब्रेक लावला की कर्कश आवाज येतो, पॅड बदलले तरी तो जात नाही, आणि बाजारात इतक्या तऱ्हेचे पॅड मिळतात की आपल्या गाडीला कोणते घ्यावेत ते समजत नाही. म्हणून सदराची सगळी जागा या वेळी त्याच विषयाला दिली आहे.

प्रश्न : माझ्याकडे १९९९ सालची हिरो होंडा सीबीझेड आहे आणि ती मी अजून रोज चालवतो. तिचा पुढचा डिस्क ब्रेक वाजतो. वर्षभरात दोनदा पॅड बदलून झाले. नवे पॅड बसवले की आठ-दहा दिवस गाडी गप्प असते आणि मग सिग्नलपाशी हळू होताना असा आवाज सुटतो की शेजारचे लोक वळून पाहतात. मेकॅनिक म्हणतात की डिस्क ब्रेक वाजायचाच. हे खरे आहे का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : नाही, हे खरे नाही. ही गाडी नवी होती तेव्हा तिचा ब्रेक असा वाजत नव्हता, त्यामुळे आज तो वाजत असेल तर मधल्या इतक्या वर्षांत काहीतरी झिजले आहे, अडकले आहे किंवा आपल्या जागेवर राहिलेले नाही. पॅड बदलल्यावर आठ-दहा दिवस शांतता आणि नंतर पुन्हा आवाज, ही तुम्ही सांगितलेली खूण फार बोलकी आहे. दोष पॅडचा असता तर पॅडबरोबरच गेला असता. तो परत येतो, याचा अर्थ तो कॅलिपरमध्ये, म्हणजे पॅड धरून ते डिस्कवर दाबणाऱ्या भागात, बसलेला आहे आणि प्रत्येक नव्या जोडीला बिघडवतो आहे.

आवाज कसा तयार होतो ते एकदा समजले की पुढचे सगळे सोपे होते. शाळेतला खडू आठवा. लांब खडू टोकाशी धरून फळ्यावर ओढला की अंगावर काटा आणणारा आवाज निघतो. तोच खडू अर्धा मोडून घट्ट धरला की आवाज थांबतो. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, सुटतो, पुन्हा चिकटतो, आणि लांब खडूला या धक्क्यांनी थरथरायला जागा मिळते. पॅड आणि डिस्क यांच्यात हेच घडते, सेकंदाला हजाराहून अधिक वेळा, आणि डिस्क पातळ व रुंद असल्यामुळे झांजेसारखी घुमून तो आवाज मोठा करते. तेव्हा आवाज घालवायचा म्हणजे पॅडला थरथरायला वाव ठेवायचा नाही. पॅडचा दर्जा ही त्यानंतरची गोष्ट आहे.

कॅलिपर उतरवा आणि निघालेले दोन्ही पॅड शेजारी शेजारी ठेवून पाहा. तुमच्या गाडीचा कॅलिपर सरकता आहे. पिस्टन एकाच बाजूला असतो. ब्रेक दाबला की तो जवळच्या पॅडला डिस्कवर रेटतो आणि त्या रेट्याने अख्खा कॅलिपर आपल्या पिनांवर सरकून पलीकडच्या पॅडला डिस्कपर्यंत ओढून आणतो. या पिना मोकळ्या सरकत असतील तर दोन्ही पॅड सारखे झिजतात. एक पॅड दुसऱ्यापेक्षा बराच पातळ झालेला असेल किंवा एकाच पॅडची एक कड जाड आणि दुसरी पातळ असेल, तर पिना अडकल्या आहेत असे समजावे. पिन ओढून काढा. कारखान्यात भरलेले ग्रीस इतक्या वर्षांनी घट्ट, तपकिरी, मेणासारखे झालेले असते आणि रबरी बूट फाटला असेल तर त्यावर गंजाचा थर असतो. पिन आणि तिचे भोक नीट पुसून त्यात सिलिकॉन ग्रीस भरा, बूट नवे घाला. चेसिसला किंवा बेअरिंगला लावायचे साधे ग्रीस येथे लावू नये, कारण खनिज तेलाने ब्रेकमधले रबर फुगते आणि पिन पूर्वीपेक्षा जास्त अडकते. याच कारणासाठी कॅलिपर पेट्रोलने किंवा रॉकेलने धुऊ नये, ही आपल्याकडची फार जुनी आणि फार महागात पडणारी सवय आहे.

आता पिस्टनकडे या, कारण माझ्या मते तुमच्या गाडीचे खरे दुखणे येथे आहे. पिस्टनभोवती चौकोनी काटछेदाचे एक रबरी सील असते. ब्रेक दाबला की पिस्टन पुढे सरकताना ते सील किंचित पिळले जाते, आणि लिव्हर सोडली की तेच सील पीळ सोडून पिस्टनला केसभर मागे घेते. डिस्क ब्रेकमध्ये पिस्टन मागे ओढणारी वेगळी स्प्रिंग नसते. हे काम सगळे त्या रबराचे आहे. पॅड झिजत जातात तसा पिस्टन बाहेर येत जातो आणि त्याच्या उघड्या भागावर धूळ, पॅडची भुकटी आणि पावसाचा चिखल यांचे कवच बसते. नवे जाड पॅड बसवायचे म्हणजे पिस्टन आत ढकलायला हवा, आणि बहुतेक ठिकाणी स्क्रू ड्रायव्हर अडकवून तो त्या कवचासकट आत रेटला जातो. ती घाण सीलमध्ये शिरते, पिस्टन पुरता मागे येत नाही, पॅड डिस्कला सतत हलके घासत राहतो, तापतो, त्याचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि आठ-दहा दिवसांत गाडी किंचाळू लागते. वर्षात दोनदा पॅड बदलले म्हणजे दोनदा घाण आत गेली. पिस्टन आत ढकलण्यापूर्वी त्याचा उघडा भाग साबणाच्या पाण्याने आणि जुन्या टूथब्रशने स्वच्छ करायला पाच मिनिटे लागतात. तुमच्या बाबतीत मात्र आता कॅलिपर पूर्ण खोलून सील बदलणेच योग्य ठरेल. पिस्टनवर गंजाचे खड्डे दिसले तर पिस्टनही बदलावा.

पॅड ज्या पिनेवर लटकतात ती पिन बोटांत धरून तिच्यावरून नख फिरवा. नख जिथे अडकते तिथे पॅडने खाच पाडली आहे, आणि ब्रेक लावल्यावर पॅड सरळ न सरकता त्या खाचेत अडखळतो. अशी पिन पॉलिश पेपरने घासून वापरू नये, बदलावी. पॅडच्या वर एक पातळ पट्टीची स्प्रिंग असते आणि काही पॅडच्या पाठीवर पातळ पत्रा असतो. ‘याची काही गरज नाही’ असे म्हणून हे दोन्ही भाग फेकून दिलेल्या कितीतरी गाड्या मी पाहिल्या आहेत. त्यांचे काम पॅडला खडखडू न देणे हेच आहे, आणि ते नसताना कितीही महाग पॅड घातला तरी तो वाजणार.

हे सगळे झाल्यावर पॅडकडे वळावे. ते तेलकट नसतील आणि पुरेसे जाड असतील तर फेकण्याची गरज नाही. सपाट काचेवर १२० नंबरचा पॉलिश पेपर ठेवून, थोडे पाणी शिंपडून, पॅड त्यावर घासावा, म्हणजे चकाकी जाऊन पृष्ठभाग मळकट, खरखरीत दिसू लागेल. डिस्क फिरताना पॅडच्या ज्या कडेकडून आत शिरते ती कड कानशीने एक-दीड मिलिमीटर तिरकी करावी. बारीक कंपाची सुरुवात बहुधा त्याच धारदार कडेपासून होते. पॅडच्या पाठीवर, जिथे पिस्टन टेकतो तिथे, उष्णता सहन करणाऱ्या सिरॅमिक ग्रीसचा अगदी पातळ हात द्यावा. पुढच्या बाजूला त्याचा कणही लागता कामा नये. शेवटी डिस्क आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून घ्यावी. पुढच्या फोर्कचे ऑइल सील गळत असेल तर ते आधी बदला, नाहीतर चार दिवसांत तेल पुन्हा डिस्कवर येईल. तेल प्यायलेला पॅड गॅसवर भाजून परत वापरण्याची पद्धत काही गॅरेजांत आहे. ती पूर्णपणे चुकीची आहे. तेल आतपर्यंत मुरलेले असते आणि भाजताना पॅडमधला राळेचा बांधच जळतो.

प्रश्न : पॅडच्या मागे ‘एफएफ’, ‘जीजी’, ‘एचएच’ अशी अक्षरे असतात. दुकानदार सांगतात की ‘एचएच’ सर्वांत चांगले. माझ्याकडे सत्तरच्या दशकातली जपानी ७५० सीसी गाडी आहे. तिला ‘एचएच’ घालावेत का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : ही अक्षरे पॅड आणि धातू यांच्यातल्या घर्षणाचा गुणांक सांगतात. पहिले अक्षर पॅड साधारण तापमानाला असतानाचे आणि दुसरे तो तापल्यावरचे. ‘ई’ म्हणजे ०.२५ ते ०.३५, ‘एफ’ म्हणजे ०.३५ ते ०.४५, ‘जी’ म्हणजे ०.४५ ते ०.५५ आणि ‘एच’ म्हणजे ०.५५ च्या वर. पॅड किती टिकेल, डिस्क किती खाईल, ओल्यात कसा धरेल, वाजेल की नाही, यांतले काहीच ती अक्षरे सांगत नाहीत. ‘एचएच’ म्हणजे पकड जास्त, एवढाच त्याचा अर्थ आहे, आणि जास्त पकड प्रत्येक गाडीला मानवत नाही.

पॅड निवडताना पहिला प्रश्न विचारायचा तो डिस्क कशाची आहे हा. पॅडचे ढोबळ मानाने दोन वर्ग आहेत. ऑरगॅनिक पॅड म्हणजे निरनिराळे तंतू आणि भुकट्या राळेत बांधून दाबलेले. ते आवाज कमी करतात, डिस्कला जपतात आणि लिव्हरवर हळूहळू वाढणारी पकड देतात. मात्र लवकर झिजतात आणि फार तापले की पकड सोडू लागतात. सिंटर्ड पॅड म्हणजे तांब्यासारख्या धातूंची पूड दाबून, तापवून एकजीव केलेले. ते पावसात चांगले धरतात आणि उष्णतेला दाद देत नाहीत, पण डिस्क झिजवतात, उष्णता लवकर कॅलिपरकडे आणि तिथून ब्रेक ऑइलकडे पोचवतात, आणि त्यांचा आवाजही जास्त असतो. यांच्या मधले अर्धधातूचे पॅडही मिळतात.

१९६९ मध्ये होंडा सीबी ७५० पुढच्या हायड्रॉलिक डिस्क ब्रेकसह मोठ्या संख्येने बाजारात आली आणि त्यानंतर इतर जपानी कंपन्यांनीही तोच रस्ता धरला. या सुरुवातीच्या गाड्यांना पोलादाच्या न गंजणाऱ्या डिस्क होत्या आणि त्या काळच्या राळेत बांधलेल्या पॅडसाठीच त्या घडवल्या होत्या. सिंटर्ड पॅड पुढे ज्या गाड्यांना कारखान्यातूनच आले, त्यांच्या डिस्कही त्या हिशोबाने घडवल्या गेल्या. म्हणून तुमच्या गाडीला मी ‘जीजी’ किंवा ‘एफएफ’ वर्गातले ऑरगॅनिक पॅड सुचवीन. त्या काळची डिस्क आता सहज मिळत नाही आणि मिळाली तर तिची किंमत पॅडच्या कितीतरी पट असते. पॅड लवकर झिजले तरी चालतील, डिस्क टिकली पाहिजे.

तुमच्या गाडीच्या काळातली एक अडचणही सांगून ठेवतो. त्या गुळगुळीत, भोके नसलेल्या डिस्कवर पावसात पाण्याचा पापुद्रा बसतो आणि ब्रेक दाबल्यावर क्षणभर काहीच होत नाही, मग एकदम धरतो. सिंटर्ड पॅडने ही उणीव कमी होते हे खरे आहे, आणि भर पावसातच गाडी चालवणाऱ्याने तो सौदा डोळसपणे केला तर मी त्याला दोष देणार नाही. बाकीच्यांनी ओल्या रस्त्यावर अधूनमधून ब्रेक हलका दाबून डिस्क कोरडी ठेवावी. एकदा सिंटर्ड वापरून पुन्हा ऑरगॅनिककडे येणार असाल तर डिस्कवर बसलेला जुन्या पॅडचा थर पॉलिश पेपरने काढून टाका, नाहीतर नवे पॅड त्या परक्या थरावर बसणारच नाहीत आणि वाजत राहतील.

डिस्क लोखंडाची की न गंजणाऱ्या पोलादाची हे ओळखण्यासाठी लोहचुंबक लावावा असे पुष्कळ जण सांगतात. त्याने काही कळत नाही, कारण ब्रेकच्या डिस्कसाठी वापरतात ते न गंजणारे पोलादही चुंबकाला चिकटते. रात्री डिस्कच्या स्वच्छ भागावर ओले फडके गुंडाळून ठेवा. सकाळी फडक्याखाली नारिंगी गंज दिसला तर डिस्क ओतीव लोखंडाची आहे. तसे असेल तर सिंटर्ड पॅडचा विचारच करू नये.

खरेदीबद्दल एक अनुभव सांगतो. काही वर्षांपूर्वी मी एका दुकानातून नामांकित कंपनीच्या खोक्यातले पॅड घेतले आणि दुसऱ्याच रविवारी खंबाटकी घाट उतरताना पुढची लिव्हर एकदम लांब गेली, पाठोपाठ धातूवर धातू घासल्याचा आवाज आला. गाडी मागच्या ब्रेकवर आणि गिअरवर आवरली. खाली उतरून पाहिले तर घर्षणाचा थर पाठीच्या पत्र्यापासून अख्खा सुटून पडला होता आणि पत्रा डिस्कला चरे पाडत होता. खोके हुबेहूब होते, माल नकली होता. तेव्हापासून पॅड हातात घेतला की मी आधी त्याची कड उजेडात धरतो. थर आणि पत्रा यांच्यामध्ये रेघ किंवा फट दिसता कामा नये, चांगल्या पॅडच्या पत्र्याला भोके असतात आणि घर्षणाचा माल त्यांत भरून घट्ट बसलेला दिसतो, आणि पाठीवरची अक्षरे व बॅच नंबर ठसठशीत उमटलेले असतात. नखाने खरवडून रंग निघाला तर तो पॅड मी परत करतो.

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये राहतो. येथे मी १९७६ सालची ट्रायम्फ बोनव्हिल टी १४० घेतली. पुढचा ब्रेक वाजतो आणि लिव्हरला धडधडही जाणवते. डिस्क चकाकते, पण मध्येमध्ये तिच्यावर करडे पट्टे दिसतात. (एक वाचक, लेस्टर)

उत्तर : ते करडे पट्टे म्हणजेच तुमच्या प्रश्नाचे उत्तर आहे. या गाडीची डिस्क ओतीव लोखंडाची असून तिच्यावर गंजू नये म्हणून कठीण क्रोमचा मुलामा दिलेला होता. दिसायला ती सुरेख दिसते, पण ब्रेकच्या दृष्टीने मुलामा ही अडचणच होती, विशेषतः तिकडच्या पावसात. आता तो मुलामा काही ठिकाणी झिजून खालचे लोखंड उघडे पडले आहे. पॅडला फेऱ्याच्या एका भागात क्रोम लागते आणि पुढच्या भागात लोखंड. दोन्हींवर त्याची पकड वेगळी असते, म्हणून लिव्हरला धडधड जाणवते आणि प्रत्येक बदलाला पॅडला नवा झटका मिळून तो वाजतो.

अनेक जुन्या मालकांनी केलेला उपाय म्हणजे उरलेला मुलामा यंत्रावर घासून पूर्ण काढून टाकणे. दोन्ही बाजूंनी सारखेच माप निघाले पाहिजे आणि काम झाल्यावर डिस्कची जाडी मॅन्युअलमधल्या किमान मापाखाली जाता कामा नये. ते काम साध्या टर्नरकडे न देता डिस्क घासण्याचा अनुभव असलेल्याकडे द्यावे आणि डिस्क परत बसवल्यावर डायल गेज लावून ती किती लचकते ते पाहून घ्यावे. उघड्या लोखंडावर ऑरगॅनिक पॅड इतके छान धरतात की तुम्हाला आधीचा ब्रेक आठवून नवल वाटेल. गाडी रात्रभर ओल्या हवेत राहिली की डिस्कवर लालसर थर येईल आणि सकाळी पहिले दोन-तीन ब्रेक खरखरतील. त्यात घाबरण्यासारखे काही नाही. या गाडीच्या कॅलिपरला समोरासमोर दोन पिस्टन आहेत आणि मूळचे पिस्टन क्रोम चढवलेल्या पोलादाचे असल्याने ते बूटाखाली गंजतात. तुम्ही ब्रेक उघडणारच असाल तर न गंजणाऱ्या पोलादाचे पिस्टन त्याच वेळी घाला, ते तिकडे सहज मिळतात.

प्रश्न : माझ्याकडे जर्मनीत १९७४ सालची बीएमडब्ल्यू आर ७५/६ आहे. पुढचा एकच डिस्क ब्रेक आहे आणि तो हलक्या दाबाला वाजतो. जुन्या बाजारात मला त्याच काळातले, न वापरलेले, मूळ खोक्यातले पॅड मिळाले आहेत. ते बसवू का? (एक वाचक, श्टुटगार्ट)

उत्तर : ते पॅड बसवू नका. खोके जपून ठेवायचे असेल तर ठेवा. इतक्या वर्षांत पत्र्यावर गंज चढून तो घर्षणाच्या थराला आतून उचलतो, आणि त्या काळच्या पॅडमध्ये अ‍ॅस्बेस्टॉस असण्याची दाट शक्यता आहे. जर्मनीत १९९३ पासून त्यावर बंदी आहे आणि तिचे कारण फुप्फुसांत जाणारे त्याचे तंतू हे आहे. जुने पॅड बसवलेले असतील तर कॅलिपर साफ करताना हवेचा झोत मारू नका, ओल्या फडक्याने पुसा.

तुमच्या गाडीच्या कॅलिपरची रचना मला फार आवडते, कारण तिच्यात आवाजाचा उपाय कारखान्यानेच देऊन ठेवला आहे. हा आटे कंपनीचा कॅलिपर पिनांवर सरकत नाही, फोर्कच्या पायातल्या एका पिनेभोवती दारासारखा झुलतो. ती पिन एक्सेंट्रिक आहे, म्हणजे तिचा मधला भाग मुद्दाम किंचित बाजूला घडवलेला आहे. खालची टोपी काढून स्क्रू ड्रायव्हरने ती फिरवली की पॅडचा डिस्कशी असलेला कोन बदलतो. कोन चुकला की पॅडची एकच कड आधी टेकते, आणि हलक्या दाबाला वाजणे हे त्याचेच लक्षण आहे. डिस्कवर आतल्या कडेपासून बाहेरच्या कडेपर्यंत खडूने किंवा मार्करने तीन-चार ठिकाणी रेघा ओढा, चाक हाताने फिरवत ब्रेक अगदी हलका लावा आणि रेघ कुठे पुसली जाते ते पाहा. ती फक्त आत किंवा फक्त बाहेर पुसली गेली तर पिन थोडी फिरवून पुन्हा तपासा. सगळी रेघ सारखी पुसली गेली की थांबा. या कामाला अर्धा तास लागतो. ते करण्यापूर्वी पॅड पॉलिश पेपरवर सपाट करून घ्या, कारण जुन्या कोनात झिजलेला पॅड नव्या कोनात कधीच नीट टेकणार नाही. पिन गंजून फिरत नसेल तर तिच्यावर जोर न करता ती बाहेर काढून साफ करून ग्रीस लावा.

प्रश्न : वडिलांची जुनी बुलेट ३५० आहे, दोन्ही ब्रेक ड्रमचे. पावसाळ्यानंतर पुढचा ब्रेक फार वाजतो. ड्रम ब्रेकलाही हाच उपाय का? (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : तत्त्व तेच, हात वेगळा. आवाज सकाळच्या पहिल्या दोन-तीन ब्रेकपुरता असेल तर तो समुद्राकाठच्या दमट, खाऱ्या हवेने ड्रमच्या आत आलेल्या गंजाचा आहे आणि आपोआप जातो. दिवसभर वाजत असेल तर चाक काढा. ड्रममधली भुकटी फुंकून उडवू नका, जुन्या लायनरमध्ये, म्हणजे ड्रमला आतून घासणाऱ्या शूवरच्या थरात, अ‍ॅस्बेस्टॉस असू शकतो. ओल्या फडक्याने पुसून ते फडके पिशवीत बांधून टाका. लायनरवर चकाकी कुठे आहे ते नीट पाहा. मध्यभागी चकाकी आणि टोके मळकट असतील तर शूची गोलाई ड्रमपेक्षा लहान आहे. केवळ टोकांना चकाकी असेल तर ती मोठी आहे. टोकांवर टेकणारा शू हमखास वाजतो. चांगला टर्नर शू ब्रेक प्लेटवर बसवूनच लेथवर मारतो आणि ड्रमच्या मापाला आणतो. त्यानंतर प्रत्येक लायनरची टोके कानशीने पाच-सहा मिलिमीटर उतरती करावीत. रिव्हेट लायनरच्या पृष्ठभागाच्या बरेच खाली आहेत ना, हेही तेव्हाच पाहावे.

शूंना बाहेर रेटणारा कॅम साफ करून त्याला उष्णता सहन करणाऱ्या ग्रीसचा थोडासाच हात द्यावा. चाक बसवताना अ‍ॅक्सलचा नट सैल ठेवा, चाक फिरवून ब्रेक करकचून दाबा, आणि ब्रेक दाबलेला असतानाच नट आवळा. त्यामुळे ब्रेक प्लेट ड्रमच्या मध्यावर बसते. एवढ्याने कित्येक गाड्यांचा आवाज थांबलेला मी पाहिला आहे, आणि वडिलांच्या काळचे मिस्त्री हे न सांगता करत असत.

प्रश्न : जपानमधल्या आरडी ३५० ला पुढे डिस्क होती, आमच्या राजदूत ३५० ला ड्रम. मी दुसऱ्या गाडीचा फोर्क, डिस्क आणि कॅलिपर बसवून घेतला. ब्रेक उत्तम लागतो, पण वाजतो. (एक वाचक, सांगली)

उत्तर : १९८३ मध्ये आरडी ३५० राजदूत ३५० या नावाने आपल्याकडे आली तेव्हा तिच्या वेगाच्या मानाने ड्रम अपुरे होते, ही तक्रार रास्तच आहे. मात्र मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्यावर बंधने आहेत, तेव्हा आरटीओ कार्यालयात आधी विचारणा करा. आवाजाचे कारण बहुधा कॅलिपरच्या ब्रॅकेटमध्ये आहे. ती घरी कापलेल्या पातळ पट्टीची असेल तर ब्रेकच्या ताणाने वाकते आणि खडूसारखी थरथरते; तिची जाडी वाढवा. डिस्क कॅलिपरच्या बरोबर मधोमध चालते का ते दोन्ही बाजूंना फीलर गेज घालून तपासा आणि फरक असेल तर वॉशर घालून तो काढा. पॅड त्या कॅलिपरच्या मूळ गाडीचे घ्यावेत, राजदूतच्या नावाने मागू नयेत.

प्रश्न : नवे पॅड बसवल्यावर लगेच गाडी बाहेर काढावी का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : काढावी, पण मोकळ्या रस्त्यावर आणि थोडा वेळ हाताशी ठेवून. नवा पॅड आणि जुनी डिस्क यांचे पृष्ठभाग अजून एकमेकांशी जुळलेले नसतात. ताशी ५० किलोमीटरवरून १५ पर्यंत मध्यम दाबाने हळू व्हा, पुन्हा वेग घ्या, मधे ब्रेकला गार व्हायला वेळ द्या, आणि असे वीस-पंचवीस वेळा करा. या काळात जोरात ब्रेक लावून गाडी पूर्ण थांबवू नका, आणि ब्रेक तापलेला असताना थांबावेच लागले तर लिव्हर दाबून धरू नका, कारण त्या एकाच जागी पॅडचा माल डिस्कवर छापला जातो आणि पुढे तिथेच धडधड सुरू होते. पहिल्या दिवशी ब्रेक नेहमीपेक्षा कमी लागतो, म्हणून पुढच्या गाडीपासून अंतर जास्त ठेवा. निघण्यापूर्वी, गाडी स्टँडवर असतानाच, लिव्हर घट्ट होईपर्यंत चार-पाच वेळा दाबून घ्या. पिस्टन आत ढकललेले असल्याने पहिले दोन दाब रिकामेच जातात.